भोकर आणि भोकरदन : कमांड लाइनवरून फाइलीतली मूल्ये बदलण्याच्या वादाचा आढावा

सोयाबीनचा हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला ४,६०० रुपये होता, २०२४-२५ मध्ये तो ४,८९२ झाला आणि २०२५-२६ साठी ५,३२८. लातूरच्या अडत बाजारात हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. तोच आकडा कितीतरी मजकूर-फाइलींतही बसलेला असतो. हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये, शेतकरी कंपनीच्या दरपत्रकात, कृषी शाखेच्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पात. भाव बदलला की तिथला आकडाही बदलायला हवा. फाइल एकच असेल तर ती उघडावी, जुना आकडा खोडून नवा लिहावा, काम संपले. फाइली तीनशे असतील, किंवा फाइल एकच पण दोन लाख ओळींची असेल, तर माणूस कमांड लाइनकडे वळतो. एका ओळीची कमांड लिहून एंटर दाबले की सगळीकडचा आकडा बदलतो.

काम छोटे दिसते, पण ते कसे करावे यावरचा मतभेद जुना आहे. मजकुराला ओळींची रांग समजून बदल करावा, की आधी त्याची रचना ओळखावी, की फाइलीला हातच लावू नये, अशा तीन भूमिका गेल्या पन्नास वर्षांत तयार झाल्या. तिघींच्या मागे अनुभवाचे बळ आहे. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र या तिघींनाही पुरे न पडणारे काही प्रश्न उभे राहतात आणि मराठवाड्यातल्या गावांच्या नावांत ते फार स्पष्ट दिसतात. म्हणून या आढाव्यात त्या भागाला जास्त जागा दिली आहे. एक खुलासा सुरुवातीलाच करतो. इथे आकडे देवनागरीत छापले आहेत, फाइलींत ते बहुधा आंतरराष्ट्रीय अंकांत असतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पार्श्वभूमी

गोष्ट १९६९ पासून सुरू होते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी 'एड' नावाचा संपादक लिहिला. तेव्हा पडदा नव्हता, टेलिटाइप यंत्र कागदावर छापत असे. प्रत्येक अक्षर छापायला वेळ लागायचा, त्यामुळे कमांड एकेका अक्षराच्या आणि उत्तरे त्याहून त्रोटक. 'अमुक शोध, त्याजागी तमुक लिही' ही आजही वापरात असलेली कमांड त्याच काटकसरीतून आली. शोधून फक्त छापणे एवढेच काम वेगळे काढून त्याचा 'ग्रेप' झाला. पुढे १९७३-७४ मध्ये ली मॅकमेहन यांनी 'सेड' लिहिला. एडमध्ये माणूस समोर बसून बदल करतो. सेडला बदलांची यादी आधीच द्यायची, मग मजकूर त्याच्यातून ओळीओळीने वाहत जातो. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर तो सर्वत्र पोचला.

१९७७ मध्ये आल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन या तिघांनी 'ऑक' आणला. ऑक ओळीचे रकाने पाडतो. तिसरा रकाना लातूर असेल तर पाचव्यातला भाव बदल, असे त्याला सांगता येते. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांच्या पर्लने सेड आणि ऑक यांची ताकद एका भाषेत आणली आणि फाइल जागच्या जागी बदलण्याची सोयही दिली.

आपल्याकडे ही साधने अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून आली. नांदेडच्या विष्णुपुरीतील श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ ची. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे, आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली ही त्याची चार जिल्ह्यांची कक्षा. प्रयोगशाळेबाहेर सामान्य माणसाची संगणकाशी ओळख झाली ती एमएस-सीआयटीमुळे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा हा अभ्यासक्रम लाखो लोकांनी केला. त्यात विंडोज आणि ऑफिस आहे, काळ्या पडद्यावरच्या कमांड नाहीत. त्यामुळे आपल्या भागात या विषयाचे दोन वर्ग पडले. काहींना सेड येतो पण ते मराठी फाइलींवर काम करत नाहीत. काही दिवसभर मराठी फाइली हाताळतात पण सेडचे नाव त्यांनी ऐकलेले नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीत आणून हे अंतर थोडे कमी केले, हे नोंदवायला हवे.

पहिली भूमिका : ओळ पुरेशी आहे

या बाजूचे म्हणणे सरळ आहे. मजकूर-फाइल माणसाला वाचता येते, यंत्रालाही येते. सेड आणि ऑक जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर आधीपासून असतात. वेगळे काही बसवावे लागत नाही, इंटरनेट लागत नाही, जुना संगणकही पुरतो. जिथे नेट जाते-येते आणि प्रयोगशाळेतली यंत्रे दहा वर्षांची असतात, तिथे या मुद्द्याला वजन आहे. शिवाय सेड फाइलीतल्या ज्या ओळी बदलायच्या नाहीत त्यांना धक्का लावत नाही. मोकळ्या जागा, टिपा, ओळींचा क्रम, सारे तसेच राहते.

एक्सेलशी तुलना केली तर हा गुण अधिक कळतो. नांदेडचा दूरध्वनी संकेतांक ०२४६२. तो असलेली फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केली की पुढचे शून्य बहुधा गळते, कारण एक्सेल त्याला संख्या समजतो. सेड काहीच समजत नाही. त्याच्यासाठी ती पाच चिन्हे आहेत आणि ती तशीच राहतात.

आक्षेपही याच गुणातून निघतो. ४६०० च्या जागी ४८९२ लिही असे सांगितले तर १४६०० चे १४८९२ होते. टिंबाला शोधाच्या सांकेतिक भाषेत 'कोणतेही एक चिन्ह' असा अर्थ आहे, म्हणून ४६.५ शोधायला गेलेली कमांड ४६२५ लाही पकडते. जाणकार माणूस टिंबाआधी उलटी तिरकी रेघ देतो, आकड्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालतो. पण प्रत्येक वेळी हे भान ठेवावे लागते आणि चुकले तर कमांड तक्रार करत नाही.

दुसरा आक्षेप एकच कमांड दोनदा चालण्याविषयी आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव असे नामांतर झाले. समजा एका फाइलीत नुसते 'संभाजीनगर' आहे आणि त्याआधी 'छत्रपती' जोडायचे आहे. कमांड एकदा चालली तर ठीक. वीज गेली, काम अर्धवट राहिले म्हणून पुन्हा चालवली तर आधी बदललेल्या फाइलींत 'छत्रपती छत्रपती संभाजीनगर' होते. कितीही वेळा चालवा, परिणाम एकच राहावा, हा गुण साध्या अदलाबदलीत आपोआप येत नाही. तो मुद्दाम लिहून घ्यावा लागतो.

दुसरी भूमिका : आधी रचना ओळखा

या बाजूचे लोक म्हणतात, फाइलीत ओळी असतात हे वरवरचे सत्य आहे. आत रकाने असतात, विभाग असतात, एकात एक बसलेल्या याद्या असतात. मूल्य बदलणाऱ्याला त्याचा पत्ता माहीत हवा. 'कुठेही दिसेल तो ४६०० बदल' याऐवजी 'दरपत्रकातील सोयाबीन या नावाखालचे मूल्य बदल' असे सांगता यायला हवे.

या विचाराची साधने गेल्या वीस वर्षांत वाढली. रेड हॅटच्या डेव्हिड लुटरकोर्ट यांचा 'ऑजियास' सेटिंगच्या फाइली झाडासारख्या मांडतो, त्यातली एक फांदी बदलू देतो आणि टिपा व मोकळ्या जागा न हलवता फाइल परत लिहितो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधनातून आलेली 'लेन्स' ही कल्पना त्यामागे आहे, वाचणे आणि परत लिहिणे या दोन्ही दिशांना चालणारी. २०१२ मध्ये स्टीफन डोलन यांनी 'जेक्यू' दिला, जेसन फाइलींसाठी. रकान्यांच्या सीएसव्ही फाइलींसाठी जॉन कर्ल यांचा 'मिलर' आहे.

सीएसव्हीचे उदाहरण घेऊ. पत्त्याच्या रकान्यात अवतरणचिन्हांत 'शिवाजीनगर, नांदेड' असे असेल तर साधा ऑक मधल्या स्वल्पविरामावर रकाना तोडतो आणि पुढचे सगळे रकाने एकाने सरकतात. मिलरला अवतरणचिन्हांचा अर्थ कळतो. हा आक्षेप ऑकच्या कर्त्यांनीही मान्य केला. ऑकवरच्या त्यांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तेव्हा कर्निघन यांनी मूळ ऑकमध्ये सीएसव्ही आणि युनिकोड या दोन्हींची सोय केलेली होती. त्याच वर्षी जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या ऑकनेही सीएसव्हीची सोय आणली. वयाची ऐंशी ओलांडलेला माणूस पंचेचाळीस वर्षे जुन्या साधनात स्वतः हे काम करतो, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

तरीही रचना ओळखणारी साधने सर्वगुणसंपन्न नाहीत. रचना ओळखणे म्हणजे अर्थ लावणे, आणि अर्थ चुकीचाही लागतो. यामल या लोकप्रिय मांडणीच्या १.१ आवृत्तीत शून्याने सुरू होणारी आणि फक्त ० ते ७ अंक असलेली संख्या अष्टमान पद्धतीची धरली जाते. नांदेडच्या ०२४६२ मध्ये सातच्या वरचा अंक नाही. म्हणून अवतरणचिन्हे न घालता लिहिलेला हा संकेतांक वाचला जातो १३३० असा. लातूरच्या ०२३८२ मध्ये आठ आहे, त्यामुळे तो अष्टमान ठरत नाही आणि मजकूर म्हणून सुखरूप राहतो. शेजारच्या दोन जिल्ह्यांचे संकेतांक, एकाच रकान्यात, एकाच फाइलीत, आणि एक बदलतो तर दुसरा नाही. २००९ च्या १.२ आवृत्तीने हा नियम बदलला, पण जुन्या नियमाने चालणारी साधने अजून वापरात आहेत. नव्या नियमात अष्टमानाचा घोळ टळतो, पण पुढचे शून्य दोन्ही जिल्ह्यांचे जाते.

दुसरी अडचण टिपांची. यामल हाताळणारी बरीच साधने फाइल वाचून परत लिहिताना माणसाने लिहिलेल्या टिपा टाकून देतात. 'हा दर जिल्हा उपनिबंधकांच्या पत्राप्रमाणे' असे कुणी शेजारी लिहून ठेवले असेल तर आकडा अचूक बदलतो आणि त्याचा आधार पुसला जातो. माझ्या मते हे नुकसान चुकीच्या आकड्याइतकेच गंभीर आहे.

तिसरी भूमिका : बदलू नका, नव्याने घडवा

मोठ्या यंत्रणा चालवणाऱ्यांचा कल इकडे आहे. मूल्ये एका जागी ठेवावीत, फाइलीचा साचा दुसऱ्या जागी ठेवावा आणि दर वेळी साच्यात मूल्ये भरून फाइल नव्याने तयार करावी. १९९३ मध्ये मार्क बर्जेस यांनी सुरू केलेले सीएफइंजिन, २००५ चे पपेट आणि २०१२ चे अ‍ॅन्सिबल ही या परंपरेतली नावे. शेकडो सर्व्हर सांभाळायचे असतील तर दुसरा शहाणा मार्ग मला दिसत नाही.

पण अ‍ॅन्सिबलमध्येही एखादी ओळ शोधून बदलणारे मॉड्यूल आहे आणि ते भरपूर वापरले जाते. कारण उघड आहे. साचा त्याच फाइलींचा करता येतो ज्या आपण जन्माला घातल्या. बाहेरून आलेली, दुसऱ्याच्या हाताने भरलेली, वीस वर्षांत साचलेली फाइल नव्याने घडवता येत नाही. आपल्या कार्यालयांतल्या, महाविद्यालयांतल्या बहुतेक फाइली या दुसऱ्या जातीच्या आहेत.

मराठी मजकूर : जिथे तिन्ही भूमिका अडखळतात

नांदेड जिल्ह्यात भोकर तालुका आहे, जालन्यात भोकरदन. नांदेडमध्येच लोहा आहे, धाराशिवमध्ये लोहारा. 'लोहा' शोधणारी कमांड लोहाऱ्यालाही धरते. इंग्रजीत यावरचा उपाय पाठ आहे. शब्दाची हद्द सांगायची, म्हणजे पूर्ण शब्द जुळला तरच बदल होतो. मराठीत तो उपाय उलटतो. भोकरला, भोकरच्या, भोकरहून, ही सगळी भोकरचीच रूपे आहेत आणि प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. हद्द घातली तर भोकरदन वाचते, पण भोकरच्याही सुटते. लोह्याचे तर सामान्यरूपच बदलते. 'लोह्यात' या शब्दात 'लोहा' ही अक्षरे सलग येतच नाहीत. निलंगा आणि निलंग्यात, औसा आणि औशाला, यांचेही तेच.

बदलून टाकलेले नावही जुन्या नावाच्या प्रत्ययाला जुळेल असे नाही. 'औरंगाबादेत' या शब्दातले औरंगाबाद बदलले तर 'छत्रपती संभाजीनगरेत' असे रूप तयार होते, जे कुणी बोलत नाही. शिवाय बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, त्याचे नाव बदललेले नाही.

विद्यापीठांची नावे आणखी एक पेच दाखवतात. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. जुन्या फाइलींत 'मराठवाडा विद्यापीठ' शोधून नवे नाव घालणारी सरसकट कमांड नांदेडच्या विद्यापीठाच्या नावातही शिरते आणि दोन विद्यापीठांची नावे एकात एक मिसळतात. इथे रचनेची भूमिका जिंकते, पण रकाना असेल तरच. संस्थेच्या रकान्यात नेमके तेवढेच मूल्य असेल तेव्हाच बदल, असे सांगितले की प्रश्न मिटतो. सलग गद्यात, वृत्तान्तात, अहवालात रकाना कुठून आणायचा?

आता अक्षरांकडे येऊ. युनिकोडमध्ये 'शेतकऱ्यांना' हा शब्द दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त करून पुढे 'य' येतो. दुसरीत साध्या 'र'ला हलन्त करून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह येते आणि मग 'य'. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. कमांडला ते दोन वेगळे शब्द आहेत. एका तऱ्हेने शोधले तर दुसऱ्या तऱ्हेने टाइप केलेला प्रत्येक शेतकरी सुटतो. युनिकोडमध्ये रूपे एकसारखी करण्याचे जे प्रमाणित नियम आहेत ते या दोन तऱ्हांना एक करत नाहीत. 'अ‍ॅ' या अक्षराचेही तसेच. त्याचे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधीच्या, आणि नंतरच्याही, असंख्य फाइलींत ते 'अ' आणि अर्धचंद्र जोडून लिहिलेले आहे.

शब्द म्हणजे काय हेही प्रत्येक साधन आपापल्या परीने ठरवते. पायथन भाषेबरोबर येणाऱ्या शोध-मॉड्यूलला 'शब्दातले चिन्ह' म्हणून मात्रा आणि अनुस्वार मान्य नाहीत. त्याला 'नांदेड' या मजकुरातले शब्द काढायला सांगितले तर न, द आणि ड असे तीन तुकडे हाती येतात. लातूरचे ल, त, र होतात. पर्ल मात्रांना शब्दाचा भाग मानतो, त्यामुळे तिथे दोन्ही गावे अखंड राहतात. लांबी मोजण्यातही एकवाक्यता नाही. नांदेड हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, युनिकोडच्या हिशेबाने सहा चिन्हांचा आणि फाइलीत अठरा बाइटांचा. जीएनयूचा ऑक योग्य भाषा-सेटिंगमध्ये सहा सांगतो, डेबियन लिनक्सबरोबर येत आलेला 'मॉक' नावाचा ऑक अठरा. तीन हे उत्तर, जे शाळेतला मुलगाही देईल, यांपैकी कुणी देत नाही. ठरावीक रुंदीच्या रकान्यांच्या फाइली यामुळे मराठीत हमखास वाकड्या होतात.

आकड्यांचा प्रश्न सुरुवातीला सूचित केला होता. देवनागरीत लिहिलेला ४८९२ पायथनला संख्या म्हणून समजतो, त्याच्याशी बेरीज-वजाबाकी करता येते. ऑकला तो आकडा वाटतच नाही, त्याची किंमत शून्य धरली जाते. एकाच दरपत्रकात काही ओळी देवनागरी अंकांत आणि काही आंतरराष्ट्रीय अंकांत असतील तर ऑकने काढलेली बेरीज कमी येते आणि कुठलाही इशारा मिळत नाही. पैशाच्या फाइलीत ही गोष्ट मला सर्वांत धोक्याची वाटते.

याच्याही मागे जुन्या फॉन्टचा काळ आहे. पुण्याच्या सी-डॅकने आणि इतरांनी संगणकावर मराठी आणली तेव्हा युनिकोडचा प्रसार झालेला नव्हता. १९९१ ची इस्की ही प्रमाणित पद्धत होती, पण छपाईचे बहुतेक काम त्या त्या फॉन्टच्या खास सांकेतिक पद्धतीत चाले. अशा फाइलीच्या आत रोमन चिन्हे असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. त्यामुळे जुन्या फाइलीत सेड चालवायचा तर आधी रूपांतर करावे लागते, आणि रूपांतर हीच शेकडो अदलाबदलींची मालिका असते. वृत्तपत्रांची आणि छापखान्यांची जुनी दप्तरे आजही या अवस्थेत आहेत.

विंडोजची बाजू

कमांड लाइनची चर्चा बहुधा लिनक्स गृहीत धरून होते. आपल्या कार्यालयांत यंत्रे विंडोजची आहेत. तिथे २००६ पासून पॉवरशेल आहे आणि त्यात शोधून बदलण्याची सोय उत्तम आहे. अडचण अशी की विंडोज १० आणि ११ बरोबर येणारी ५.१ आवृत्ती आरंभखूण (फाइलीच्या सुरुवातीचे न दिसणारे चिन्ह) नसलेल्या फाइलीला युनिकोड मानत नाही. स्पष्ट सूचना दिली नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक चिन्हांची रांग उरते. आवृत्ती ६ पासून हा दोष गेला, पण नवी आवृत्ती वेगळी बसवावी लागते.

आरंभखूण ही स्वतःच वादाची वस्तू आहे. हे न दिसणारे चिन्ह असेल तर एक्सेल मराठी सीएसव्ही नीट उघडतो, नसेल तर अनेकदा कचरा दाखवतो. उलट सेड आणि ऑकला ते अडसर ठरते. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला 'जिल्हा' हा शब्द आहे का, असे विचारले तर ते नाही म्हणतात, कारण त्याआधी ते चिन्ह बसलेले असते. विंडोज ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह ठेवतो, त्यामुळे 'ओळ ४६०० ने संपते का' या प्रश्नालाही नकार येतो. नोटपॅडने २०१९ पासून आरंभखुणेशिवाय जतन करणे ही मूळ रीत केली. एक्सेलची गरज मात्र कायम आहे. फाइल दोन्हीकडे फिरत असेल तर कुणाच्या सोयीने ठेवावी, यावर सर्वमान्य उत्तर नाही.

जागेवर बदल की नोंद ठेवून

शेवटचा मोठा मतभेद जुन्या मूल्याविषयी आहे. सेडला जागच्या जागी बदल करायला सांगितले की तो तात्पुरती फाइल लिहितो आणि तिला मूळ नाव देतो. जुनी फाइल जाते. हवी असल्यास प्रत ठेवता येते, पण ती मागावी लागते. मॅकवरचा सेड प्रतीच्या नावाची जागा रिकामी का होईना, पण मागतोच, लिनक्सवरचा मागत नाही. म्हणून एका यंत्रावरची कमांड दुसऱ्यावर अडते. नवख्याची नेहमीची चूक याहून महागडी आहे. कमांडचे उत्तर त्याच फाइलीत वळवले की कमांड चालवणारा शेल आधी फाइल रिकामी करतो आणि मग सेडला वाचायला काही उरत नाही.

जमिनीच्या कागदांची सवय असलेल्या माणसाला दुसरी रीत लगेच कळेल. सातबाऱ्यावरचे नाव कुणी नुसते खोडून बदलत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंद होते, तिला क्रमांक पडतो, आणि जुने नाव कंसात राहते. लेखनप्रमाद सुधारायलाही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५५ आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेला 'गिट' फाइलींसाठी हेच करतो. कुणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि आधी काय होते, हे कायम राहते. गिटच्या बाजूने बोलणारे म्हणतात, ही नोंद असेल तर सेड वापरा की जेक्यू, चूक सुधारता येते. विरोधी मत असे की छोट्या कार्यालयात गिट शिकवणे हेच मोठे काम आहे, आणि तारखेच्या नावाने ठेवलेली प्रत पुरते. दोन्हींत तथ्य आहे. देवनागरीत नाव असलेली फाइल गिट सुरुवातीला आकड्यांच्या लांबलचक रांगेसारखी दाखवतो आणि एक सेटिंग बदलल्यावरच तिचे नाव वाचता येते. नव्या माणसाला दूर लोटायला एवढे पुरेसे असते.

काय सुटले, काय राहिले

साधनांच्या भांडणात आता फारसा जीव उरलेला नाही. रकाने असलेल्या फाइलीला रकाने समजणारे साधन वापरावे, साध्या सेटिंगच्या ओळीला सेड चालेल, आणि आपण स्वतः घडवलेल्या शंभर फाइलींसाठी साचा करावा. यावर बहुतेक जाणकार एकमत होतील. माझेही मत तेच आहे, एका अटीवर. बदल आधी पडद्यावर पाहावा आणि मगच फाइलीत लिहावा.

राहिलेले प्रश्न तीन आहेत. मराठी शब्दाची सामान्यरूपे आणि प्रत्यय ओळखून नाव बदलणारे, रोजच्या वापरात बसलेले साधन नाही. 'ऱ्य' आणि 'अ‍ॅ' यांची कोणती तऱ्हा फाइलीत ठेवावी याची शिस्त कार्यालयागणिक वेगळी आहे. आणि ऐतिहासिक मजकुराचे काय करावे यावर संपादकांतच दोन मते आहेत. 'लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला' या वाक्यातले नाव बदलावे का? एक पक्ष म्हणतो, तेव्हाचे नाव तेच होते, ते राहू द्यावे. दुसरा म्हणतो, आजच्या वाचकाला आणि आजच्या शोधाला आजचे नाव हवे. कुठलीही कमांड हे ठरवू शकत नाही. टर्मिनलमध्ये चालणारे एआय-सहायक अलीकडे वाक्याचा संदर्भ पाहून बदल सुचवतात आणि प्रत्ययही बऱ्यापैकी जुळवतात. पण एकच सूचना दोनदा दिली तर दोनदा तेच उत्तर येईल याची खात्री त्यांच्याकडून मिळत नाही. हिशेबाच्या फाइलीत ती खात्रीच हवी असते.

नांदेड आणि लातूरच्या महाविद्यालयांना एक विनंती करतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी मराठी साधने तपासण्याची एक खुली चाचणी-फाइल तयार करावी. नांदेडचे सोळा आणि लातूरचे दहा अशा सव्वीस तालुक्यांपासून सुरुवात करावी. प्रत्येक नावाची सगळी सामान्यरूपे, भोकर-भोकरदनसारख्या फसव्या जोड्या, जुनी आणि नवी नावे, 'ऱ्य'च्या दोन्ही तऱ्हा आणि दोन्ही प्रकारचे अंक तिच्यात असावेत, आणि प्रत्येक ओळीसमोर अपेक्षित उत्तर लिहिलेले असावे. कुणी सेड वापरो, पॉवरशेल वापरो की एआय, त्याने आपली कमांड आधी या फाइलीवर चालवून पाहावी आणि मगच कार्यालयाच्या फाइलीला हात लावावा.